सेकंदाला तीन फळ्या

कपाटाच्या कामासाठी मागच्या महिन्यात पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये गेलो होतो. परदेशातून आलेल्या मशीनच्या खोक्याची एक फळी मिस्त्रींनी आडवी केली, फूटभर कापली आणि माझ्या हातात दिली. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. फिकट पिवळी, सरळ रेषांची. "सगळे पाइनवुड म्हणतात, पण हे स्प्रूस," ते म्हणाले. "बघा किती हलकं आहे. किलोभर भरलं तर भरलं."

त्या तुकड्याच्या कडेवर बारीक रेषा होत्या. एका वर्षाला एक रेषा. नखाने मोजत गेलो तर एका इंचात बावीस भरल्या. म्हणजे बावीस पावसाळे, बावीस हिवाळे आणि वाढ एवढीच, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. फूटभर रुंद फळी निघायची तर खोड निदान फूटभर व्यासाचं हवं. गाभ्यापासून सालीपर्यंत अर्धा फूट, तेव्हा बावीस गुणिले सहा, 132 वर्षं. तो तुकडा मी घरी आणला. लिहिताना तो टेबलावर आहे, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्याच मापाने करायचा आहे.

आपल्या वखारीत लाकूड घनफुटावर विकतात. अमेरिकेत ते बोर्ड फुटावर मोजतात, आणि एक बोर्ड फूट म्हणजे नेमका माझ्या टेबलावरचा तुकडा. असे बारा तुकडे एकावर एक ठेवले की आपला एक घनफूट होतो.

आता अमेरिकेतल्याच वेस्ट व्हर्जिनियात जाऊ. हे राज्य क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाएवढं आहे आणि त्यात सपाट जमीन शोधावी लागते. राज्याच्या पूर्वेला ॲलेगेनी डोंगरांच्या रांगांत पोकाहाँटस नावाचा जिल्हा आहे. तिथे ग्रीनब्रायर नदीच्या काठी 1901 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पल्प अँड पेपर कंपनीने एक गाव वसवलं. कंपनीचे एक प्रमुख अधिकारी जोसेफ कॅस यांचं नाव गावाला दिलं. गावातली घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, आणि नदीकाठची सॉ मिलही कंपनीची.

या सॉ मिलच्या भराच्या काळात अकरा तासांच्या दोन पाळ्या चालत, आठवड्याचे सहा दिवस. एका पाळीत 1,25,000 बोर्ड फूट लाकूड कापून निघे. आकडा नुसता वाचला तर तो डोळ्यांसमोरून निघून जातो, म्हणून मी तो मोडून पाहिला. अकरा तास म्हणजे 660 मिनिटं. मिनिटाला 189 बोर्ड फूट. सेकंदाला तीन. माझ्या टेबलावरच्या तुकड्यासारखे तीन तुकडे, दर सेकंदाला, अकरा तास न थांबता. घराच्या दाराचं एक पान घ्या, सात फूट उंच, तीन फूट रुंद, दीड इंच जाड. त्याला साडेएकतीस बोर्ड फूट लाकूड लागतं. कॅसच्या मिलमधून दर दहा सेकंदांना एका दाराचं लाकूड बाहेर पडत होतं.

आठवड्याचे होतात पंधरा लाख बोर्ड फूट, आपल्या मापाने सव्वा लाख घनफूट. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली जमिनीपासून छतापर्यंत लाकडाने ठासून भरा. अशा 125 खोल्या दर आठवड्याला. ओलं लाकूड विकता येत नाही, ते वाळवावं लागतं, म्हणून मिलला लागून वाळवणीच्या भट्ट्या होत्या. त्यांत एका खेपेला 3,60,000 बोर्ड फूट वाळे, आणि त्यासाठी वाफेचे जे नळ फिरवले होते त्यांची लांबी भरत होती 11 मैल. पुणे स्टेशनात नळाचं एक टोक धरलं तर दुसरं चिंचवडच्या पुढे जाईल. एवढा नळ एका खेडेगावातल्या लाकडाच्या भट्टीत गुंडाळलेला.

मिलच्या पोटात लाकूड जात होतं ते वरच्या डोंगरावरून. लाकूड डोंगरावर आणि मिल नदीकाठी, म्हणून मधला चढ रेल्वेला घेणं भाग होतं. आपल्याला घाट म्हटलं की बोरघाट आठवतो. तिथला चढ 37 फुटांना एक फूट, आणि तेवढ्यासाठीही कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावावी लागतात. माथेरानची छोटी गाडी 20 फुटांना एक फूट चढते आणि त्याचं आपल्याला केवढं कौतुक. कॅसच्या लाकूडगाड्यांचा चढ काही जागी शंभर फुटांना अकरा फूट होता, म्हणजे नऊ फुटांना एक फूट, आणि तोही पूर्ण रुंदीच्या रुळांवर, ओंडक्यांनी लादलेल्या वाघिणींसह. जिथे वळण घ्यायला डोंगराने जागाच दिली नाही, तिथे 1863 ते 1929 पर्यंत बोरघाटात वापरलेलीच युक्ती त्यांनी वापरली. गाडी पुढे जाऊन एका टोकाला थांबते, रूळ बदलतात, आणि मग ती उलटी वर चढू लागते. कॅसवरून निघालं की चार मैलांत असे दोन उलटे वळसे येतात.

साधं वाफेचं इंजिन हा चढ चढू शकत नाही, त्याची चाकं जागच्या जागी घसरतात. इथे उपयोगी पडलं ते मिशिगनमधल्या एका लाकूड व्यापाऱ्याचं डोकं. इफ्रेम शे याला आपले ओंडके हिवाळ्याची आणि बर्फाची वाट न पाहता जंगलाबाहेर काढायचे होते. 1881 मध्ये त्याने आपल्या इंजिनाचं पेटंट घेतलं. ओहायोतल्या लायमा गावच्या कारखान्यात अशी पावणेतीन हजारांच्या आसपास इंजिनं तयार झाली. शे इंजिन एकाच बाजूने पाहायचं असतं, उजव्या. त्या बाजूला तीन उभे सिलिंडर असतात, त्यांच्याखाली इंजिनाच्या लांबीभर एक फिरता दांडा, आणि दांड्यावरून दातेरी चक्रांनी प्रत्येक चाकाला दिलेली गती. कोळसा-पाण्याच्या टेंडरची चाकंसुद्धा ओढायच्या कामाला लागलेली. सिलिंडरांचं वजन उजवीकडे येतं म्हणून बॉयलर मुद्दाम डावीकडे सरकवलेला. समोरून पाहिलं की इंजिन थोडं कलल्यासारखं वाटतं.

त्याचा आवाज ऐकून अनोळखी माणूस फसतो. साध्या दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाक एकदा फिरलं की वाफेचे चार फुसकारे निघतात. शेमध्ये दातेरी चक्रांमुळे चाकाच्या एका फेऱ्याला दांडा दोन-अडीच वेळा फिरतो आणि दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला सहा फुसकारे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला बारा ते पंधरा. डोळे मिटून ऐकावं तर मेल धडधडत येते आहे. डोळे उघडावेत तर गाडी सायकलच्या वेगाने डोंगर चढते आहे.

यातलं पाच नंबरचं शे इंजिन 1905 मध्ये कॅससाठी बनलं. शंभर वर्षं उलटून गेली तरी ते त्याच डोंगरावर, त्याच रुळांवर आहे. कारखान्याने बनवलेलं अगदी शेवटचं शे 1945 मधलं, 162 टनांचं, वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचं सहा नंबरचं. तेही पुढे म्युझियममधून कॅसलाच आलं.

मला सांगायचं आहे ते गाव मात्र कॅस नव्हे. कॅसच्या डोंगरापलीकडे, शेव्हर्स फोर्क नदीच्या उगमाजवळ, 3,853 फुटांवर कंपनीने दुसरं गाव वसवलं. स्प्रूसची झाडं तोडायची म्हणून गावाचं नावही स्प्रूस. उंचीने ते आपल्या महाबळेश्वरपेक्षा पाच-सहाशे फूट खालीच, पण अक्षांश 38, तेव्हा हिवाळा बर्फात पुरलेला. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या गावांत सर्वांत उंचावरच्या आणि सर्वांत थंड गावांमध्ये त्याची गणना होत असे. तीस-पस्तीस घरं, कंपनीचं दुकान, हॉटेल, शाळा, डॉक्टरचा दवाखाना. वस्ती तीनशेच्या घरात.

या गावाला रस्ता नव्हता. तात्पुरता नाही, वाहून गेलेला नाही, रस्ता केलाच नव्हता. पीठ, मीठ, टपाल, औषध, शाळेची पाटी, नवी नवरी, सगळं रेल्वेने वर यायचं. आजारी माणूस खाली न्यायचा तर रेल्वेनेच. पायी जायचं तर जंगल आणि बर्फ.

असल्या जागी गाव का? कारण कागद. लाल स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचे तंतू लांब आणि रंग फिकट, कागदाच्या लगद्याला उत्तम. कंपनीची कागद गिरणी शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात कोव्हिंग्टनला होती. स्प्रूसची गिरणी 1905 च्या सुमारास सुरू झाली. तिथे ओंडक्यांची साल काढून ते सोलून ठेवायचे, आणि तो सोललेला माल डोंगर ओलांडून कॅसला आणि तिथून पुढे कोव्हिंग्टनला. साल सोलण्यासाठी डोंगरमाथ्यावर तीनशे माणसांचं गाव. दोन डोंगर पलीकडे त्या लाकडाचा पांढरा कागद होत असे.

झाडं तोडणारे मजूर या गावातही राहत नसत. ते त्याहून आत, जंगलातल्या तळांवर. त्यांना तिकडे वुड हिक म्हणत. भराच्या काळात कॅसच्या या सगळ्या पसाऱ्यावर अडीच ते तीन हजार माणसं राबत होती. रूळ टाकायला इटलीतून आलेले मजूर मोठ्या संख्येने होते. दोघांनी ओढायची करवत, कुऱ्हाड, तळव्याला खिळे मारलेले बूट आणि अंधारात निघून अंधारात परतणं. तळावरच्या जेवणाचा एक नियम मला विसरता येत नाही. पानावर बोलायचं नाही. शंभर माणसं लांब टेबलांवर बसत आणि फक्त काट्याचमच्यांचा आवाज येई. जेवण उरकायचं, जागा मोकळी करायची, आणि पोटात कोंबलेलं दुसऱ्या दिवशी करवतीत घालायचं. कॅसच्या नदीपलीकडच्या काठावर दारूचे अड्डे आणि जुगार होते. महिनोन् महिने न बोलता जेवलेल्या माणसांचा पगार बहुतेक तिथे संपत असे.

हे एका कंपनीचं. असंच काम त्या राज्यात शेकडो ठिकाणी चालू होतं. 1870 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात एक कोटी एकरांच्या वर असं जंगल होतं ज्याला कुऱ्हाड लागलेली नव्हती. 1900 पर्यंत ते निम्म्यावर आलं. 1920 च्या सुमारास ते संपलं. मधल्या 50 वर्षांत 3,000 कोटी बोर्ड फूट लाकूड बाहेर पडलं. 1909 हे एकच साल घ्या, कापणी सर्वांत जास्त झाली ते. त्या वर्षात राज्याने जवळजवळ 150 कोटी बोर्ड फूट कापले. रात्र, रविवार, नाताळ सगळं धरून हिशेब केला तरी सेकंदाला सत्तेचाळीस तुकडे.

3,000 कोटी हा आकडा मला दोन दिवस पेलवला नाही. शेवटी टेबलावरचे तुकडे मनातल्या मनात जमिनीवर अंथरत गेलो, एकाला एक भिडवून. एक तुकडा एक चौरस फूट झाकतो. 3,000 कोटी तुकडे 2,787 चौरस किलोमीटर झाकतात. गोवा राज्य 3,702 चौरस किलोमीटरचं आहे. पेडण्यापासून काणकोणापर्यंत, समुद्रापासून सह्याद्रीपर्यंतच्या गोव्याचा पाऊण भाग, त्यातले रस्ते, शेतं, नद्या, देवळं, चर्च सगळं धरून, इंचभर जाडीच्या फळ्यांनी झाकून टाकायचा. एवढं लाकूड, पन्नास वर्षांत, बहुतेक सगळं माणसाने ओढलेल्या करवतींनी आडवं पाडलेलं.

त्यात कसली झाडं गेली याची कल्पना एका झाडावरून येते. 1913 मध्ये टकर जिल्ह्यात लेड माइन या ठिकाणाजवळ एक पांढरा ओक पाडला. जमिनीपासून 16 फूट उंचीवर त्याचा व्यास 13 फूट होता, 31 फुटांवर 10 फूट. 13 फूट व्यास म्हणजे 41 फुटांचा घेर. सात-आठ माणसांनी हातात हात घालून कवेत घ्यावं असं खोड.

झाडं नेल्यावर फांद्या, शेंडे आणि साल मागे राहिली. स्प्रूसच्या जंगलात जमिनीवर पालापाचोळ्याचा कुजट थर असतो, कित्येक ठिकाणी फूट-दीड फूट आणि त्याहून जाड. सावली होती तोवर तो भिजलेल्या स्पंजासारखा ओला असे. सावली गेली, तो वाळला, आणि इंजिनाच्या धुराड्यातून ठिणग्या पडू लागल्या. 1908 या एका वर्षी राज्यात 710 वणवे लागले आणि 17 लाख एकर जळाले. राज्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त, म्हणजे जवळजवळ दोन गोवे. पुष्कळ ठिकाणी झाडांबरोबर मातीही जळली आणि खाली नुसता खडक उरला. माती जळते हे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. ती माती हजारो वर्षांच्या पाचोळ्याची होती, म्हणून जळली.

मग पाणी. उघड्या डोंगरांवर पाऊस धरायला काही नव्हतं. मार्च 1907 मध्ये खाली पिट्सबर्ग शहर बुडालं. डोंगरावरचं जंगल आणि शहरातला पूर यांचा संबंध तेव्हा कुठे राजधानीत बसलेल्या लोकांना दिसला, आणि 1911 मध्ये सरकारला अशा जमिनी विकत घेऊन राखता येतील असा वीक्स कायदा झाला. त्यानुसार 1915 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात पहिली 7,200 एकर जमीन घेतली गेली. 1920 मध्ये त्याचं मोनोंगहेला राष्ट्रीय वन झालं. आज ते नऊ लाख एकरांच्या वर आहे. त्यातली बरीचशी जमीन त्या वेळी कुणालाही नको असलेली, जळकी, उघडी अशीच होती.

स्प्रूस गावाची गिरणी 1925 मध्ये बंद झाली. सोलायला लाकूडच उरलं नाही. गाव मात्र लगेच मेलं नाही, कारण 1927 मध्ये वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने ही लाइन घेतली आणि लाकडाच्या जागी कोळसा धावू लागला. चढ तोच. कोळशाच्या गाड्यांना मागून रेटा द्यायला बँकर इंजिनं लागायची, ती स्प्रूसला राहायची. कर्जत जसं घाटासाठी, तसं स्प्रूस. फरक एवढाच की कर्जतला भोवती मुलूख आहे, स्प्रूसला भोवती तोडलेलं रान होतं. ड्रायव्हर, फायरमन, त्यांची बायकामुलं अजून पाव शतक तिथे राहिली. 1950 च्या दशकात डिझेल इंजिनं आली, बँकरची आणि त्यांच्या पाण्याची गरज संपली, आणि गाव रिकामं झालं. रूळ सोडून जायला दुसरा रस्ता नव्हताच. ज्या रुळांवरून माणसं आली होती त्याच रुळांवरून खाली गेली.

कॅसची मिल 1942 मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि 1 जुलै 1960 ला बंद पडली. रूळ उखडून भंगारात जाण्याच्या बेतात असताना पेन्सिल्व्हेनियातला रसेल बॉम नावाचा रेल्वेवेडा माणूस राज्याच्या आमदारांना भेटत सुटला. राज्याने लाइन विकत घेतली. ओंडक्यांच्या वाघिणींवर बाकं ठोकली आणि 1963 मध्ये पर्यटकांची पहिली गाडी सोडली. पहिल्या मोसमात 23,000 माणसं बसली. 1982 मध्ये सॉ मिल जळून गेली. 2010 च्या जनगणनेत कॅसची लोकसंख्या होती 52.

आज गाडी बॉल्ड नॉब या 4,842 फुटांच्या शिखरापर्यंत जाते. तिथून खाली दरीत एक पांढरी प्रचंड थाळी दिसते. ती ग्रीन बँकची रेडिओ दुर्बीण, 100 मीटर व्यासाची, थाळीचं क्षेत्रफळ दोन एकरांहून जास्त. नारायणगावजवळच्या खोडद परिसरात आपल्या 30 दुर्बिणी ज्या कारणासाठी गोंगाटापासून दूर आहेत, त्याच कारणासाठी ही इथे आहे. तिच्याभोवती 13,000 चौरस मैलांच्या पट्ट्यात रेडिओ लहरींवर सरकारी बंधनं आहेत. एके काळी सेकंदाला तीन फळ्या निघत होत्या त्या कॅस गावात आज मोबाइलची रेंज येत नाही.

स्प्रूसलाही अधूनमधून गाडी जाते. उतरल्यावर दिसतो गिरणीचा काँक्रीटचा पाया, नदीचं गार पाणी आणि पुन्हा उगवलेलं रान. पूर्वी या राज्यात लाल स्प्रूसचं जंगल अंदाजे पाच लाख एकर होतं, आता त्याचा दहावा हिस्सा असेल. त्या जंगलात रात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाणारी एक उडती खार राहते. आपलं शेकरू जसं उंच झाडांच्या सलग छताशिवाय जगत नाही, तशीच ही. 1985 मध्ये तिला नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं तेव्हा शोधून शोधून दहा खारी सापडल्या होत्या. दहा. या लेखातल्या सगळ्या आकड्यांत माझ्या मनात रुतून बसलेला आकडा हा. पुढच्या वीस-बावीस वर्षांत शंभराहून जास्त जागी मिळून अकराशेच्या वर खारी मोजल्या गेल्या, आणि 2013 मध्ये ती त्या यादीतून बाहेर आली.

लाल स्प्रूसचं रोप मोठ्या झाडांच्या दाट सावलीत उगवलं तर वाट बघतं. मरत नाही, वाढतही नाही म्हणावं इतकं हळू वाढतं. माझ्या छातीला लागेल असं, चार-पाच फूट उंचीचं रोपटं पन्नास वर्षांहून जुनं असू शकतं. शेजारचं एखादं झाड कोसळून वर उजेडाला वाट झाली की ते उंच व्हायला लागतं. स्प्रूसजवळच्या चीट डोंगरावर अशी रोपटी आज उभी आहेत. डोंगरावरची शेवटची बँकर इंजिनं गेली त्या सुमाराला रुजलेलं एखादं रोपटं अजूनही माणसाच्या उंचीचं असेल, आणि त्याच्या बोटाएवढ्या खोडात भिंगाखाली धरल्याशिवाय मोजता न येणाऱ्या सत्तर रेषा असतील.